ख्रिस्ती उपवास आणि त्याची पूर्वतयारी

उपवास हा शब्द कानीं पडतांच महाराष्ट्रांतील गृहस्थाच्या डोळ्यांपुढें एकादशी, शिवरात्र, साबुदाणा आणि वरीचे तांदूळ हीं येऊन उभीं राहतात. मुसलमान शेजाऱ्यांचा रमजानचा महिनाहि त्याच्या परिचयाचा असतो. परंतु ख्रिस्ती धर्मांत उपवासाची परंपरा जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे आणि तिच्यासाठीं दर वर्षीं चाळीस दिवस वेगळे काढलेले आहेत, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांनाहि ठाऊक नसते. या परंपरेचा इतिहास वाचूं गेल्यास दोन प्रश्न त्यांत पुनःपुन्हां वर येतांना दिसतात. उपवासापूर्वीं मनाची व व्यवहाराची तयारी कोणती करावी, हा पहिला. आणि आपण न खाल्लेली भाकरी कोणाच्या ताटांत जावी, हा दुसरा. या प्रश्नांचें विस्मरण झालें, तेव्हां तेव्हां उपवास हा पथ्यापथ्याचा जमाखर्च होऊन बसला. त्यांची आठवण झाली, तेव्हां त्यानें माणसांचीं मनें व कांहीं वेळां शहरेंहि सांवरलीं.

ख्रिस्ती उपवासाचें मूळ यहुदी धर्मांत आहे. मोशेच्या नियमशास्त्रानें वर्षांतून एकच सक्तीचा उपवास सांगितला. तो प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. पुढें यरुशलेमचा पाडाव होऊन लोक बाबेलच्या बंदिवासांत गेले, तेव्हां त्या आपत्तीच्या स्मरणार्थ आणखी चार उपवास रूढ झाले. ख्रिस्ताच्या काळीं धर्मनिष्ठ परूशी आठवड्यांतून दोनदां उपवास करीत. मात्र याच परंपरेंत पोकळ उपवासावर कठोर टीकाहि झालेली आहे. यशयाच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायांत लोक देवाकडे गाऱ्हाणें नेतात, कीं आम्ही उपवास करतों तरी तुझें लक्ष जात नाहीं. त्यांना उत्तर मिळतें तें असें, कीं तुम्ही उपवासाच्या दिवशींच मजुरांना राबवितां व आपसांत भांडतां. जुलुमाचें जूं मोडावें, भुकेल्याला आपल्या अन्नाचा वाटा द्यावा, बेघराला घरांत घ्यावें, हाच देवाला मान्य असलेला उपवास होय.

येशू ख्रिस्तानें आपल्या कार्यास आरंभ करण्यापूर्वीं अरण्यांत चाळीस दिवस उपवास केला, असें शुभवर्तमानांत सांगितलें आहे. मोशे व एलीया यांच्या चाळीस दिवसांच्या उपवासांची आठवण त्यांत आहे. तथापि अमुक दिवशीं उपवास करा, असा नियम त्यानें शिष्यांना घालून दिला नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत दान, प्रार्थना व उपवास या तीन गोष्टी त्यानें एकामागून एक सांगितल्या, आणि तिन्हींना एकच अट घातली: त्या लोकांनीं पाहाव्या म्हणून करूं नयेत. उपवास करणाऱ्यानें तोंड धुवावें, डोक्याला तेल लावावें, म्हणजे आपण उपाशी आहों हें शेजाऱ्याच्या लक्षांत येऊं नये. ख्रिस्ती उपवासाच्या पूर्वतयारीचा हा पहिला धडा मानतां येईल.

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभीं रचलेली ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नांवाची एक लहानशी पोथी आहे. शतकानुशतकें ती हरवली होती. १८७३ त फिलोथिऑस ब्रायेनिऑस या ग्रीक धर्मपंडिताला कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयांत तिचें हस्तलिखित सांपडलें व १८८३ त तें छापून प्रसिद्ध झालें. सोमवार व गुरुवार हे इतरांचे उपवासाचे दिवस असल्यामुळें ख्रिस्ती लोकांनीं बुधवारीं व शुक्रवारीं उपवास करावा, असें तींत सांगितलें आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट बाप्तिस्म्याविषयींची आहे. बाप्तिस्मा घेणाऱ्यानें आधीं एक किंवा दोन दिवस उपवास करावा. पण तो एकट्यानें नव्हे. बाप्तिस्मा देणाऱ्यानें आणि मंडळींतील ज्यांना शक्य असेल त्यांनींहि त्याच्याबरोबर उपाशी राहावें. नव्या मनुष्याला घरांत घेतांना जुन्यांनींहि तयारी करावयाची, असा या नियमाचा आशय आहे.

दुसऱ्या शतकांत रोम येथें लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथांत उपवासाचा हिशेबच मांडून दिला आहे. उपवासाच्या दिवशीं भाकरी व पाणी यांवांचून कांहीं घेऊं नये; त्या दिवशीं जें जेवण झालें असतें त्याची किंमत काढावी; आणि ती रक्कम विधवा, पोरका किंवा गरजू मनुष्य यांना द्यावी. अथेन्सचा तत्त्वज्ञ अरिस्टिडीस यानेंहि त्याच शतकांत रोमन बादशहाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडतांना सांगितलें, कीं त्यांच्यांत कोणी दरिद्री असला आणि देण्याजोगें त्यांच्याजवळ कांहीं नसलें, तर ते दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहून त्याच्या अन्नाची सोय करतात. त्या लोकांत धनिक थोडे होते. त्यांचें दान शिलकेंतून निघत नसे, तें पोटांतून निघे.

पुनरुत्थानाच्या सणापूर्वीं, म्हणजे ईस्टरपूर्वीं, किती दिवस उपवास करावा याविषयीं आरंभीं एकमत नव्हतें. इ. स. १९० च्या सुमारास लियाँ येथील धर्माध्यक्ष आयरीनियस यानें रोमचा धर्माध्यक्ष व्हिक्टर याला लिहिलेल्या पत्राचा भाग इतिहासकार युसीबियसनें जपून ठेवला आहे. कोणी एक दिवस उपवास करतात, कोणी दोन, कोणी अधिक, तर कोणी सलग चाळीस तास, असें सांगून आयरीनियस म्हणतो, कीं उपवासांतील हा भेद आपल्या श्रद्धेच्या ऐक्याला बळकटीच आणतो. सणाच्या तिथीवरून आशियांतील मंडळ्यांना बहिष्कृत करण्यास निघालेल्या व्हिक्टरला शांत करण्यासाठीं तें पत्र लिहिलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या शब्दांची किंमत कळते.

चाळीस दिवसांचा काळ स्पष्टपणें प्रथम दिसतो तो इ. स. ३२५ च्या नायसिया येथील धर्मसभेच्या पांचव्या नियमांत, आणि तोहि एका वेगळ्याच संदर्भांत. कोणा धर्माध्यक्षानें रागानें किंवा आकसानें एखाद्याला बहिष्कृत केलें असेल, तर त्याची चौकशी करण्यासाठीं प्रत्येक प्रांतांत वर्षांतून दोनदां सभा भरावी, आणि त्यांतील एक चाळीस दिवसांपूर्वीं भरावी, म्हणजे मनांतील कडवटपणा काढून टाकून देवाला शुद्ध अर्पण करतां येईल, असें तो नियम सांगतो. उपवासाला बसण्यापूर्वीं तंटे मिटवावयाचे, ही गोष्ट येथें संघटित धर्माच्या कायद्यांत आली. पुढें ३४० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा अथानेशियस यानें रोमहून ईजिप्तमधील आपल्या सहकाऱ्याला कळविलें, कीं सारें जग चाळीस दिवस उपवास करीत असतां ईजिप्तच्या लोकांनींच तो टाळून हसें करून घेऊं नये. यावरून ही प्रथा त्या पिढींत किती झपाट्यानें पसरली तें दिसतें.

त्याच शतकाच्या अखेरीस एजेरिया नांवाची एक धर्मनिष्ठ स्त्री पश्चिम युरोपांतून यरुशलेमला यात्रेस गेली व तेथें पाहिलेलें तिनें आपल्या देशांतील भगिनींना लिहून कळविलें. यरुशलेमांत हा काळ आठ आठवड्यांचा असे, कारण रविवारीं व बहुतेक शनिवारींहि उपवास नसे. कांहीं लोक आठवड्यांतून एकदांच जेवत, कांहीं दिवसांतून एकदां. पाणी व पिठाची पेज एवढाच कित्येकांचा आहार असे. परंतु अधिक करणाऱ्याची कोणी स्तुति करीत नसे व कमी करणाऱ्याला कोणी नांवें ठेवीत नसे. जो तो आपल्या शक्तीप्रमाणें करी, असें ती मुद्दाम नमूद करते. बाप्तिस्मा घेणाऱ्यांना त्या दिवसांत रोज धर्माध्यक्ष स्वतः तासन् तास शास्त्र समजावून सांगत. उपवास हा अशा रीतीनें शाळेच्या सत्रासारखा होता. पोट रिकामें ठेवावयाचें तें डोकें व मन भरून घेण्यासाठीं.

या शिक्षणाची खरी कसोटी ३८७ त अँटिऑक शहरांत लागली. त्या वर्षाच्या आरंभीं बादशहा थिओडोशियसनें नवा कर बसविला. लोक खवळले, जमावानें बादशहाचे व त्याच्या कुटुंबियांचे पुतळे पाडून रस्त्यांतून फरफटत नेले. बादशहाच्या पुतळ्याचा अपमान म्हणजे राजद्रोह. लगेच धरपकड सुरू झाली, कित्येकांना देहांत शासन झालें, नगरसभेचे सभासद तुरुंगांत पडले, आणि सारें शहर उध्वस्त करण्याचा हुकूम येणार या भीतीनें हजारों लोक डोंगरांत पळून गेले. वृद्ध धर्माध्यक्ष फ्लेव्हियन हिवाळ्यांतच दयेची याचना करण्यासाठीं कॉन्स्टँटिनोपलकडे निघाला. मागें राहिला तो जॉन नांवाचा एक तरुण धर्मगुरु. त्याच्या वक्तृत्वामुळें पुढें त्याला ख्रिसोस्टम, म्हणजे ‘सुवर्णमुख’, हें नांव मिळालें.

चाळीस दिवसांचा उपवास नुकताच सुरू होत होता. भयभीत लोक चर्चमध्यें लोटत होते, आणि जॉन त्यांना दिवसामागून दिवस प्रवचनें देत होता. शहर वांचेल कीं नाहीं हें त्याच्या हातीं नव्हतें. त्यानें लोकांना तीन गोष्टी मागितल्या: कोणाची निंदा करूं नका, कोणाशीं वैर ठेवूं नका, आणि तोंडांतून शपथा काढूं नका. केवळ तोंडानें उपवास करून भागत नाहीं. डोळा, कान, हात व पाय यांनींहि तो केला पाहिजे. मासे व पक्षी वर्ज्य करून आपल्याच भावाचा चावा घेणारा मनुष्य उपाशी आहे असें कसें म्हणावें, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ होता. अमुक इतके दिवस उपवास केला, असें सांगणाऱ्याला तो उलट विचारी, कीं तुझी कोणती खोड त्यामुळें गेली? ईस्टरच्या सुमारास फ्लेव्हियन परत आला तो माफीची वार्ता घेऊन. शहर वांचलें. त्या उपवासाच्या दिवसांतील प्रवचनें आजहि उपलब्ध आहेत. भ्यालेल्या माणसांना धीर देतांना त्यांच्या चुका पदरांत कशा घालाव्या, याचा तो एक वस्तुपाठ आहे.

याच काळांत ईजिप्तच्या वाळवंटांत हजारों संन्यासी राहत होते. त्यांचा उपवास वर्षभर चाले. त्यांच्या सहवासांत राहून आलेल्या जॉन कॅशियन यानें पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांचे अनुभव लॅटिन भाषेंत लिहून ठेवले. या संन्याशांचें रोजचें प्रमाण म्हणजे दोन लहान सुक्या भाकऱ्या. दोन्ही मिळून वजन सुमारें एक रोमन रत्तल. कित्येक दिवस कांहींच न खातां मग एकदम पोटभर खाण्यापेक्षां रोज थोडें व नियमित खावें, असें अनुभवी वृद्धांचें मत होतें. अति खाणें व अति उपास या दोहोंचा शेवट सारखाच, असें ते म्हणत. कारण उपासानें खंगलेला मनुष्य प्रार्थनेच्या वेळीं झोंपी जातो किंवा चिडखोर होतो. पाहुणा आला कीं ते आपला नित्याचा उपवास मोडून त्याच्याबरोबर जेवीत. याचें कारण विचारतां एका वृद्धानें सांगितलें, कीं उपवास तर सदैव जवळच आहे, पण पाहुणा निघून जावयाचा. शिवाय उपवास हा ऐच्छिक आहे, आणि प्रेमानें स्वागत करणें ही आज्ञा आहे.

इ. स. ५३० च्या सुमारास इटलींत संत बेनेडिक्टनें आपल्या मठांसाठीं जी नियमावली लिहिली, तींत हीच व्यवहारी दृष्टि आहे. चाळीस दिवसांत प्रत्येकानें आपल्या नेहमींच्या साधनेंत थोडी भर घालावी. अन्न, पेय, झोंप, बडबड व थट्टामस्करी यांतून कांहींतरी कमी करावें. परंतु आपण काय करणार हें आधीं मठाधिपतीला सांगून त्याची संमति घ्यावी. संमतीवांचून केलेला उपवास पुण्यांत न धरतां अहंकारांत धरला जाईल. वृद्ध, मुलें व आजारी यांना सवलत होतीच. आणखी एक सुंदर नियम असा, कीं या काळाच्या आरंभीं प्रत्येकाला ग्रंथालयांतून एकेक पुस्तक द्यावें व त्यानें तें पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावें. जेवणांत वांचलेला वेळ कशांत घालवावा, याची ही तरतूद होती.

पूर्वेकडील चर्चनें तर पूर्वतयारीचा एक क्रमच आंखून दिला. प्रत्यक्ष उपवासाच्या आधीं कांहीं आठवडे एका रविवारीं परूशी व जकातदार यांचा दृष्टांत वाचला जातो. आपण आठवड्यांतून दोनदां उपवास करतों अशी देवापुढें फुशारकी मारणारा परूशी त्या दृष्टांतांत रित्या हातीं परततो. म्हणून त्यानंतरच्या आठवड्यांत बुधवार-शुक्रवारचे नेहमींचे उपवासहि करूं नयेत, असा नियम आहे. उपवासाचा गर्व होऊं नये म्हणून उपवासाची सुरुवात उपवास सोडण्यानें करावयाची! त्यापुढील रविवारीं घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राची कथा वाचतात. मग क्रमानें आधीं मांस सुटतें, आणि एका आठवड्यानें दूध, लोणी, चीज व अंडीं सुटतात. शरीराला एकदम धक्का बसूं नये, हा हेतु उघड आहे. शेवटचा रविवार क्षमेचा. त्या संध्याकाळीं प्रार्थनेनंतर धर्मगुरु सर्वांपुढें नमून क्षमा मागतो, आणि मग प्रत्येक जण प्रत्येकाकडे जाऊन क्षमा मागतो व देतो. सोमवारीं उपवास लागतो.

केरळांतील संत थॉमसचे म्हणविणारे ख्रिस्ती लोक याच पूर्वेकडील, सिरियन परंपरेंतले. त्यांच्यांत ईस्टरपूर्वींचा पन्नास दिवसांचा मोठा उपवास, नाताळपूर्वींचा पंचवीस दिवसांचा, आणि निनवे शहराच्या पश्चात्तापाच्या स्मरणार्थ तीन दिवसांचा उपवास आजहि पाळतात. योनाच्या कथेंत निनवेच्या राजापासून गुराढोरांपर्यंत सर्वांनीं उपवास केला आणि शहरावरील अरिष्ट टळलें. अँटिऑकच्या लोकांना ही कथा किती जवळची वाटली असेल, हें सांगावयास नकोच.

पश्चिम युरोपांत मात्र कालांतरानें नियमांचें रान माजलें. रविवारीं उपवास नसल्यामुळें सहा आठवड्यांचे छत्तीसच दिवस भरत. वर्षाच्या ३६५ दिवसांचा हा दशमांश आहे, असें सहाव्या शतकाच्या अखेरीस थोर ग्रेगरी म्हणत असे. पुढें चाळीस ही संख्या पुरी करण्यासाठीं मागें चार दिवस जोडले गेले व बुधवारपासून आरंभ होऊं लागला. त्या दिवशीं कपाळाला राख लावतात, म्हणून तो राखेचा बुधवार. आदल्या मंगळवारीं इंग्लंडांत लोक पापांची कबुली देत आणि घरांतील अंडीं व लोणी संपविण्यासाठीं घावन करीत. इतरत्र या निरोपाच्या दिवसांचा मोठा उत्सव झाला. गोव्यांतील कार्निव्हलचें ‘इंत्रुज’ हें नांव पोर्तुगीज भाषेंतून आलें असून त्याचा मूळ अर्थ प्रवेश, म्हणजे उपवासकाळांत पाऊल टाकणें, असा आहे. नाचगाण्याच्या गर्दींत तो अर्थ आतां फारसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

नियम जितके बारीक, तितक्या त्यांतून निघण्याच्या वाटाहि बारीक. संध्याकाळचें एकमेव जेवण हळूहळू तिसऱ्या प्रहरीं व मग भर दुपारीं आलें. दिवसाच्या नवव्या तासाचें लॅटिन नांव ‘नोना’. तो तास तीन वाजतांचा. त्या वेळची प्रार्थना व जेवण दोन्ही अलीकडे सरकत गेल्यामुळें इंग्रजींतील ‘नून’ हा शब्द बारा वाजण्याचा वाचक होऊन बसला. मग संध्याकाळीं भूक लागूं लागली. त्या वेळीं मठांत कॅशियनच्या ‘कोलात्सिओनेस’ या ग्रंथाचें वाचन होत असे. त्यानंतर जो अल्पोपहार मिळूं लागला त्यालाच ‘कोलेशन’ म्हणण्याचा प्रघात पडला. उपवासाचा महिमा सांगणाऱ्या ग्रंथाचें नांव फराळाला मिळालें! बाराव्या शतकांत वेल्सचा जेराल्ड तक्रार करतो, कीं आयर्लंडांतील कांहीं धर्माधिकारी एका जातीचे हंस उपवासांत खुशाल खातात, कारण ते समुद्रांतील लांकडांवर उपजतात व म्हणून मांसांत मोडत नाहींत, अशी त्यांची समजूत आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मराठींत आहे. तिचा अनुभव सर्व देशांत सारखाच दिसतो.

लोण्याचा प्रश्न याहून गंभीर होता. दक्षिणेंत ऑलिव्हचें तेल मुबलक. उत्तरेंत लोण्यावांचून स्वयंपाक नाहीं. म्हणून रोमहून लोण्याची परवानगी मिळविण्यांत येई व तिच्याबद्दल पैसा द्यावा लागे. १४९१ त पोप आठवा इनोसंट यानें सॅक्सनीला अशी परवानगी दिली. फ्रान्समध्यें रुआं येथील कॅथीड्रलचा १४८५ त सुरू झालेला उंच मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो; उपवासांत लोणी खाण्याच्या परवानगीच्या पैशांतून तो उभा राहिला अशी त्याची ख्याति आहे. हर्मासच्या हिशेबांत न खाल्लेल्या जेवणाची किंमत विधवेकडे जात होती. येथें खाल्लेल्या लोण्याची किंमत दगडांत जाऊं लागली. १५२० त मार्टिन ल्यूथरनें जर्मन सरदारांना उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेंत या लोण्याच्या व्यापारावर कडक टीका केली, ती यामुळेंच.

ठिणगी पडली ती झुरिक शहरांत, मार्च १५२२ मध्यें. क्रिस्तोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरीं, उपवासाच्या पहिल्या रविवारीं, जमलेल्या मंडळींनीं डुकराच्या मांसाच्या भरलेल्या आंतड्यांचे, म्हणजे सॉसेजचे, तुकडे वांटून खाल्ले. शहरांतील प्रमुख धर्मोपदेशक उलरिख झ्विंग्ली तेथें हजर होता. त्यानें स्वतः मात्र खाल्लें नाहीं. नगरसभेनें चौकशी केली, तेव्हां फ्रोशाउअरनें सांगितलें, कीं फ्रँकफर्टच्या जत्रेपूर्वीं पुस्तक पुरें करावयाचें असल्यामुळें कामगार रात्रंदिवस राबत होते व केवळ पेजेवर तें काम निभत नव्हतें. २३ मार्च रोजीं झ्विंग्लीनें या विषयावर प्रवचन केलें व १६ एप्रिलला तें छापून आलें. उपवास करावयाचा असेल त्यानें अवश्य करावा. परंतु देवानें जी गोष्ट मना केली नाहीं, ती करणाऱ्याला पापी ठरविण्याचा अधिकार मनुष्यांना नाहीं, हा त्याचा मुद्दा होता. स्विस धर्मसुधारणेचा आरंभ या घटनेपासून मोजतात.

सुधारकांनीं उपवास मोडून टाकला असें पुष्कळदां म्हटलें जातें. तें खरें नाहीं. ल्यूथरनें १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरावलींत उपवास व शरीराची तयारी ही चांगली बाह्य शिस्त असल्याचें मान्य केलें. कॅल्व्हिननें तर उपवासाचीं तीन प्रयोजनें सांगितलीं: देहाच्या वासनांना आळा घालणें, प्रार्थनेची तयारी करणें, आणि देवापुढें आपली नम्रता व्यक्त करणें. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनसनें दिलेल्या प्रयोजनांशीं तीं ताडून पाहिलीं तर फरक फार मोठा दिसत नाहीं. वाद होता तो सक्तीचा आणि पुण्याच्या व्यापाराचा. अठराव्या शतकांत जॉन वेस्ली पुन्हां त्या जुन्या पोथीच्या बुधवार-शुक्रवारकडे वळला, आणि उपवासाबरोबर गरिबांना दान दिलें पाहिजे असें आपल्या अनुयायांना बजावूं लागला.

राज्यकर्त्यांच्या हातीं पडल्यावर या व्रताची काय गत झाली, हेंहि पाहण्यासारखें आहे. १५६३ त इंग्लंडच्या पार्लमेंटानें बुधवारीं मांस वर्ज्य करून मासे खाण्याचा कायदा केला. कोळ्यांचा धंदा चालावा व आरमाराला खलाशी मिळावे, हा त्याचा उद्देश. आणि मासे खाणें आत्म्याच्या तारणासाठीं आवश्यक आहे असें कोणी शिकवील तर त्याला शिक्षा होईल, असेंहि त्याच कायद्यांत लिहिलेलें होतें! पुढें ७ ऑक्टोबर १८५७ रोजीं, हिंदुस्थानांतील उठावाची लढाई पेटलेली असतां, व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्यानुसार इंग्लंडांत राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळण्यांत आला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें स्पर्जन या प्रसिद्ध उपदेशकाचें प्रवचन ऐकण्यास २३,६५४ माणसें जमलीं. त्यानें बंडखोरांच्या शासनाची मागणी केली, आणि त्याबरोबर हिंदुस्थान सरकारच्या पापांचाहि उच्चार केला. शत्रूचा पराजय मागणारा उपवास आणि यशयानें सांगितलेला उपवास यांतील अंतर त्या दिवशीं किती श्रोत्यांना जाणवलें असेल?

याच्या उलट चित्र १९२४ त दिल्लींत दिसलें. हिंदु-मुसलमानांच्या दंग्यांनीं व्यथित होऊन गांधीजींनीं एकवीस दिवसांचा उपवास केला. त्यांच्या शुश्रूषेंत चार्ल्स अँड्र्यूज हा इंग्रज ख्रिस्ती मित्र होता. ऑक्टोबरांत उपवास सुटला त्या वेळीं इमामसाहेबांनीं कुराणांतील वचनें म्हटलीं, अँड्र्यूजनें क्रुसाविषयींचें एक इंग्रजी भजन गाइलें, आणि विनोबांनीं उपनिषदांतील मंत्र म्हटले. दुसऱ्याच्या दोषांसाठीं स्वतः उपाशी राहावें व त्यांत कोणाचा द्वेष नसावा, हें अँड्र्यूजला परकें वाटण्याचें कारणच नव्हतें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रोमन कॅथॉलिक चर्चनें नियम पुष्कळ सैल केले. १७ फेब्रुवारी १९६६ च्या आज्ञापत्रानें पोप सहावा पॉल यानें सक्तीचे उपवास राखेचा बुधवार व ख्रिस्ताच्या मृत्यूचा शुक्रवार या दोनच दिवसांवर आणले. त्या दिवशीं एक पूर्ण जेवण व सकाळ-संध्याकाळ थोडें खाणें चालतें. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें अठरा वर्षें पुरीं झाल्यापासून एकोणसाठ वर्षें पुरीं होईपर्यंत हें बंधन आहे. मात्र सक्ती गेली तरी प्रार्थना, उपवास व दान हीं तिन्ही चालू ठेवावीं, असा त्या पत्राचा आग्रह आहे. वसईच्या मराठी बोलणाऱ्या कॅथॉलिक कुटुंबांतहि हा काळ पाळला जातो. कित्येक घरीं या दिवसांत लग्नकार्य करीत नाहींत. जर्मनींतील धर्माध्यक्षांनीं १९५८ त ‘मिझेरेओर’ ही संस्था काढली. उपवासकाळांत लोकांनीं वांचविलेला पैसा जगांतील भूक व रोग यांच्या निवारणासाठीं वापरावा, हा तिचा हेतु. तिचें साहाय्य हिंदुस्थानांतील अनेक कामांनाहि मिळालेलें आहे. हर्मासचा जुना हिशेब अठराशें वर्षांनंतर पुन्हां वहींत लिहिला गेला.

हा सारा इतिहास नजरेखालून घातला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. किती दिवस, कोणता वार, लोणी कीं तेल, या बाबतींत ख्रिस्ती लोकांचें एकमत कधींच झालें नाहीं, आणि आयरीनियसच्या मतें तें व्हावें अशी गरजहि नव्हती. परंतु शक्तीबाहेर जाऊं नये, आजाऱ्यानें व लेंकरांनीं करूं नये, गाजावाजा करूं नये, आणि पाहुण्याला उपाशी ठेवूं नये, हें नायसियाच्या आधींपासून आजपर्यंत सर्व शहाण्या माणसांनीं एकमुखानें सांगितलें. उपवास करूं इच्छिणाऱ्यानें आदल्या रात्रीं दोन गोष्टी तपासून पाहाव्या, एवढेंच त्या सर्वांच्या सांगण्याचें सार काढतां येईल: कोणाशीं भांडण मिटवावयाचें राहिलें आहे काय, आणि उद्यां वांचणारें अन्न कोणाच्या घरीं पोंचवावयाचें आहे.